मेस, हातगाडा आणि गावाकडचा डबा: शिकताना बाहेर जेवायचं तर कसं?

तांदुळजा (धागाकर्ती)

धाकटा भाऊ दहावी झाला, अकरावीला लातूरला चाललाय. घरात चर्चा एकच, तिथं खाईल काय. मी छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाजवळ राहून शिकते. वसतिगृहाची मेस, बाहेरची मेस, डबा, सगळं पाहून झालंय. मला जे उमगलंय ते आधी लिहिते. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या मंडळींनी भर घालावी.

माझं म्हणणं असं की विद्यार्थ्याचे पैसे मेसवर संपत नाहीत. ते संपतात संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान. मेसला महिन्याचे ठरलेले पैसे गेले की गेले, ते दिसतात. पण क्लास सुटल्यावर वडापाव, मग चहा, मग मित्र म्हणाला म्हणून नूडल्स, हे कुठंच लिहिलं जात नाही. माझ्या मजल्यावरच्या मुलींनी महिनाभर हिशोब लिहिला तेव्हा वरखर्च मेसच्या निम्म्यापर्यंत गेलेला निघाला.

बरं, ही भूक चोचल्याची नसते. दुपारच्या ताटात काय होतं ते बघा. तीन पोळ्या, भात, तेलाचा तवंग असलेला बटाट्याचा रस्सा आणि पाण्यासारखं वरण. पोट भरतं, पण चार वाजता परत रिकामं. म्हणजे संध्याकाळचा वडापाव हा दुपारच्या पातळ वरणाचा खर्च आहे. तो वाचवायचा तर वडापाव सोडायची शपथ घेऊन भागत नाही, दुपारचं ताट सुधारावं लागतं.

मी काय करते: खोलीत फुटाण्यांचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा कायम भरलेला ठेवते. दुपारी मेसला जाताना रस्त्यातल्या डेअरीतून सुटं दही घेते. लिंबू पिशवीत असतंच. क्लासला निघताना मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा खाल्ला तर रात्रीच्या जेवणापर्यंत डोकं चालतं. एवढ्या तीन-चार गोष्टींनी माझा संध्याकाळचा खर्च खाली आला आणि पित्ताचा त्रासही गेला.

आता तुम्ही सांगा. मेस निवडताना काय बघायचं? रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा काय खायचं? लातुरात कुठल्या भागात राहिलं तर जेवण जवळ पडेल?

गंजगोलाई

ताई, धागा वेळेवर काढलात. जूनमध्ये ट्युशन एरियात पोरांचा लोंढा येतो आणि पहिल्या आठवड्यात जी मेस दिसेल तिथं पैसे भरून मोकळे होतात. मग वर्षभर कुरकुर.

मेस लावायच्या आधी एवढं करा. एक, कुपन घेऊन सलग दोन-तीन दिवस जेवा, पण वेळ बदलून. मेस उघडल्या उघडल्या सगळीकडंच गरम आणि चांगलं मिळतं. खरी परीक्षा मेस बंद व्हायच्या अर्ध्या तासाआधी. त्या वेळेला भाजी संपली म्हणून पाणी वाढवतात की नवीन फोडणी टाकतात ते बघा. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या बॅचेस सकाळपासून असतात, टेस्ट लांबली की पोरं उशिराच पोचतात, म्हणून हे महत्त्वाचं.

दोन, पिण्याचं पाणी कुठलं ते सरळ विचारा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची काय परिस्थिती होते ते २०१६ ला सगळ्या देशानं पाहिलंय, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बोअरचं पाणी टाकीत साठवून तेच ग्लासात देणाऱ्या मेसपेक्षा दोनशे रुपये जास्त घेणारी पण आरओ असलेली मेस परवडते. थंडगार जारचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी असं नसतंय. ऐन परीक्षेच्या तोंडावर टायफॉईड झालेली पोरं पाहिलीत मी.

तीन, खाड्याचा, म्हणजे जेवायला न गेलेल्या दिवसांचा, नियम कागदावर लिहून घ्या. सलग किती दिवस गेलो नाही तर पैसे कापतात, आदल्या दिवशी सांगायचं की दोन दिवस आधी, दिवाळीच्या सुट्टीचं काय. काही ठिकाणी एका वेळचा खाडा धरतच नाहीत. अनामत किती आणि मधेच सोडलं तर परत मिळते का, तेही विचारा.

चार, हात धुवायच्या बेसिनकडं आणि ताटं विसळायच्या जागेकडं नजर टाका. स्वयंपाकघर आत येऊन बघू का म्हणून विचारा. चांगला मेसवाला हो म्हणतो.

भाग म्हणाल तर क्लास जिथं त्याच्या पायी अंतरावर राहा. सिग्नल कॅम्प, खाडगाव रोड, अंबाजोगाई रोड, सगळीकडं मेस आहेत. खोली स्वस्त मिळाली म्हणून लांब गेलात तर दुपारी जेवायला जायचा कंटाळा येतो आणि मग बिस्किटावर दिवस निघतो.

रविवारची सोय: दुपारच्या फीस्टला दोन पोळ्या कमी आणि डाळ-भाजी जास्त खा. रात्री दूध, केळी, उकडलेली अंडी. एक वेळ हलकं खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पण बहुतेक पोरं त्याच रात्री सगळ्यात महाग जेवतात.

गोदाकाठ

नांदेडकर हाय मी. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, आता नोकरी. आमच्याकडं लई मोठी गोष्ट म्हणजे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर. भाग्यनगर, श्यामनगरकडं क्लास करायलेली पोरं अडचणीच्या दिवसांत तिथं जेवतेत. कुणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही, पैसे विचारत नाही. डाळ आणि गरम रोटी पोटभर.

पण नवीन पोरांनी रीत समजून जावं. डोकं झाकायचं, रुमाल जवळ ठेवा. चपला बाहेर, हात-पाय धुवायचे. पंगतीत खाली बसायचं. रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. आणि ताटात एक घासही टाकायचा नाही, पुन्हा पुन्हा वाढतेत, म्हणून आधी थोडंच घ्या. जेवण झाल्यावर वेळ असंल तर भांडे घासायला, रोट्या लाटायला उभं राहा. आम्ही मित्र रविवारी सकाळी सेवेला जात होतो. आईबापापासून लांब राहणाऱ्या पोराला तिथं बसून शंभर लोकांसोबत जेवलं की जे वाटतं ते मला इथं लिहिता येणार नाही.

रोजची मेस म्हणून लंगर धरू नका एवढंच. महिन्याचे पैसे यायला उशीर झाला, मेस बंद पडली, तब्येतीतून उठलात, तवा ते दार उघडं हाय हे ध्यानात ठेवा.

आहार_अंबाजोगाई

मी आहारतज्ज्ञ आहे, रोज अशी मुलं-मुली तपासणीला येतात. तांदुळजा यांनी जे अनुभवानं लिहिलं त्याला आकड्यांचा आधार देते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ५५ किलो वजन असेल तर झाली ४५-४६ ग्रॅम. वाढीच्या वयात याहून कमी पडून चालत नाही.

आता मेसचं ताट मोजू. एका पोळीत साधारण ४ ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून सहा पोळ्या खाल्ल्या तर २४. दोन्ही वेळचा भात धरून ५. पातळ वरण दोन वाट्या, फार तर ५. बटाट्याच्या भाजीतून नाममात्र. सगळं मिळून ३५ च्या आसपास. म्हणजे रोज दहा-बारा ग्रॅम कमी, आणि जे मिळतं त्यातलं बरंचसं धान्यातलं. धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून पोळीच्या जोडीला रोज डाळ हवी.

ही तूट भरायला प्रोटीन पावडरचा डबा लागत नाही. ३० ग्रॅम शेंगदाण्यात साडेसात ग्रॅम, ३० ग्रॅम फुटाण्यात सहा, एका अंड्यात सहा, दीडशे ग्रॅम दह्यात साडेचार-पाच. यातलं कुठलंही दोन रोज घ्या, हिशोब जुळला. सोयाबीनच्या वड्यांत तर १०० ग्रॅमला ५० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. सोयाबीन आपल्याच लातूरच्या शिवारातलं पीक आहे, पण मेसच्या ताटात फार कमी दिसतं.

मुलींसाठी वेगळं सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. माझ्याकडे 'अभ्यासात लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते' म्हणून येणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन आधी बघावं लागतं. पालेभाजी किंवा डाळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. याला एक पैसाही लागत नाही. थकवा सतत असेल तर मात्र रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा, नुसत्या लिंबावर विसंबू नका.

जुलाब झाले तर: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा लहान चमचा धरा. मीठ याहून जास्त नको. दुकानातलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच उत्तम. ताप असेल, रक्त पडत असेल तर लगेच दवाखाना.

नागसेनवन

वरचं सगळं पटलं. पण दह्याचे आणि अंड्यांचे पैसेही ज्याच्याकडे नसतात त्याच्यासाठी लिहितो. मी संभाजीनगरातल्या नागसेनवन परिसरात, मिलिंद महाविद्यालयात शिकलो. नागसेनवनात येणारी बरीच मुलं शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची असतात. आईवडील सहा महिने कारखान्यावर. त्यांच्याकडून दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे येतील असं नसतं, आणि मेसवाल्याला मात्र एक तारखेला आगाऊ द्यावे लागतात.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज केलाच पाहिजे. त्यात भोजनासाठी वेगळा भत्ता धरलेला आहे. शहराच्या वर्गवारीप्रमाणे वर्षाला ३२,०००, २८,००० आणि २५,००० असे त्याचे टप्पे, राहण्याचा आणि निर्वाहाचा भत्ता त्याशिवाय. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या, त्या समाज कल्याण कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन वाचा. हा पैसा हप्त्यानं आणि बऱ्याचदा उशिरा खात्यात पडतो. म्हणून आला की आधी मेसचे दोन-तीन महिने भरून टाका, मोबाईल नंतर.

दुसरं, शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात. केंद्रं बहुतेक बस स्थानक, सरकारी दवाखाना, बाजार समिती अशा ठिकाणी असतात. थाळ्या ठरावीक असतात आणि दुपारीच मिळतात, म्हणून केंद्र चालू आहे का ते आधी बघून लवकर जा. तिथं जेवायला लाज वाटायचं काही कारण नाही. हमाल, रुग्णांचे नातेवाईक, विद्यार्थी सगळे एका रांगेत असतात.

विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजनाही आहे. काम करून स्वतःच्या मेसचे पैसे भरणारे माझे मित्र आज प्राध्यापक आहेत.

पोळपाट

मी मेस चालवते. माझ्या मुलीनं हा धागा वाचून दाखवला आणि म्हणाली, आई तू सांग, मी टाइप करते. पातळ वरणावर एवढं लिहिलंय तर माझी बाजूही ऐका लेकरांनो.

माझ्याकडं साठ-पासष्ट मुलं जेवतात. पहाटे पाचला कणीक मळायला घेते. सिलिंडर, तेल, तूरडाळ, बाईचा पगार, जागेचं भाडं, यातलं एकही माझ्या हातात नाही. डाळीचा भाव वाढला की महिन्याचे पैसे मला मधेच वाढवता येत नाहीत, मग वरणात एक तांब्या जास्त जातो. हे खरं आहे. आणि बटाटा रोज का? कारण बटाटा टिकतो, वाया जात नाही, आणि मुलं खातात. मेथी केली की अर्धी ताटात राहते. दोडका केला तर त्या दिवशी दहा मुलं जेवायलाच येत नाहीत. मी जे करते ते तुम्ही काय टाकता ते बघून करते.

म्हणून माझं सांगणं असं की भांडण करायला येऊ नका, आठ-दहा जण मिळून या आणि नीट सांगा. मागच्या वर्षी काही मुलींनी मला विचारलं, मावशी आठवड्यातून तीन दिवस बटाट्याच्या जागी मटकी नाहीतर हरभऱ्याची उसळ कराल का, आम्ही टाकणार नाही. मी हिशोब केला. मोड आले की मटकी दुपटीहून जास्त होते, बटाट्याच्या रश्शाला जेवढं तेल लागतं तेवढं तिला लागत नाही. खर्चात फार फरक पडला नाही. आता सोमवार, बुधवार, शनिवार उसळच असते.

भाकरीचं विचारतात सगळे. पोळ्या लाटायला बाई मिळते, साठ जणांच्या भाकरी थापायला मिळत नाही. थापणारी असली तर नगावर पैसे घेते आणि तिचे हात भाजून निघतात. म्हणून भाकरी रोज देता येत नाही, गुरुवारी देते.

आणि खाडा आदल्या रात्री सांगा. मी कणीक माणसं मोजून मळते. सकाळी अकराला फोन करून 'आज येत नाही' म्हटलं तर ते पीठ भिजलेलं असतं बाळांनो.

गंजगोलाई

मावशी, तुमचं लिहिणं प्रत्येक मेसच्या भिंतीवर लावायला पाहिजे. 'आम्ही टाकणार नाही' हा शब्द देऊन मागणं, हेच आम्ही कधी केलं नाही.

बालाघाट

मी पालक आहे. बीड जिल्ह्यातलं डोंगरपट्ट्यातलं गाव. मुलगा तालुक्याला नाही, जिल्ह्याला राहतो, आणि त्याला घरचा डबा एसटीनं जातो. आमच्या गावातून असे सात-आठ डबे रोज सकाळच्या गाडीला असतात.

डबा कसा पाठवायचा ते लिहितो, कारण यात चुका होतात आणि अन्न नासतं. भाकरी थापून लगेच डब्यात घालायची नाही. फडक्यावर पसरून वाफ जाऊ द्यायची, नाहीतर घाम येऊन चिकट होते. कोरडी भाजी वेगळ्या पुडात. उन्हाळ्यात रस्सा, दही, नारळ घातलेलं काहीच पाठवायचं नाही, चार तासांत आंबतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, पिठलं घट्ट करून वड्यांसारखं, उडदाची कोरडी डाळ, हे टिकतं. पिशवीवर ऑइलपेंटनं मुलाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेला. वाहकाच्या हातात द्यायचा, तो सीटखाली ठेवतो, आणि पोरगं स्थानकावर गाडीच्या वेळेला हजर पाहिजे. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत ताणला. तेव्हा डबे बंद पडले. त्या काळात मुलाची आई जेवायला बसली की तिचा घास खाली उतरत नव्हता. वाहक-चालक मंडळी आमच्या लेकरांची जेवणं वाहून नेतात आणि त्याबद्दल काही मागत नाहीत, हे इथं लिहून ठेवतो.

ज्यांना रोज शक्य नाही त्यांनी आठवड्याचा कोरडा शिधा तरी पाठवावा. एक बरणी शेंगदाण्याची चटणी, दोन किलो भाजलेले शेंगदाणे, गूळ, मेतकूट, ज्वारीच्या लाह्या. मेसची भाजी नासकी निघाली तर पोरगं चटणी-पोळी खाऊन उठतं, उपाशी राहत नाही.

खोली_१२

मुलींच्या वसतिगृहाबद्दल कुणीतरी लिहावं म्हणून वाट बघत होते. आमचं फाटक संध्याकाळी लवकर बंद होतं. मुलांना रात्री दहाला भूक लागली तर चौकात अंडी-पाव मिळतो, आम्हाला खोलीत जे असेल तेच. त्यामुळे बहुतेक जणी झटपट नूडल्स आणि क्रीमची बिस्किटं भरून ठेवतात. शेगडी, इंडक्शनला परवानगी नाही, आणि मी ती चोरून वापरा असं सांगणार नाही, एका वायरिंगवर अख्खा मजला असतो.

विस्तव न लागणारं आम्ही काय काय करतो ते देते. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून ओल्या सुती रुमालात बांधायचे. मार्चपासून पुढं आपल्याकडं एका रात्रीत मोड येतात. रुमाल रोज उकळत्या पाण्यातून काढायचा, वास येऊ लागला तर मूग टाकून द्यायचे. मोड आलेले मूग खायच्या आधी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवते, कच्चे पोटाला बाधतात. मग कांदा, टोमॅटो, लिंबू, शेंगदाणे. दुसरं, ज्वारीच्या लाह्या आणि ताक. तिसरं, दडपे पोहे: पातळ पोह्यांवर किसलेली काकडी, कांदा, लिंबू, शेंगदाण्याचं कूट, दाबून दहा मिनिटं ठेवायचं. चौघींनी मिळून सामान आणलं तर एकीवर फारच थोडा खर्च येतो.

टीव्हीसेंटर

हातगाड्यावरच्या खाण्याला सरसकट वाईट ठरवू नका अशी विनंती. बाहेर खायचंच तर काय निवडायचं ते कळलं पाहिजे. सकाळी पोहे किंवा सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा), त्यावर शेंगदाणे जास्त मागा, कुणी नाही म्हणत नाही. इडली-सांबार, सांबार दोनदा. संध्याकाळी उकडलेल्या अंड्यांचा गाडा किंवा ओली भेळ. उन्हाळ्यात कोल्ड्रिंकच्या पैशात दोन ग्लास ताक येतं, फक्त बर्फ टाळा.

तळलेलं खायचंच झालं तर कढईत डोकावा. तेल काळं पडलंय, धूर येतोय, फेस येतोय तर पुढं चला. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे घटक, वाढत जातात, ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे. आपल्याकडं मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे असतात. वर्तमानपत्रात बांधून दिलं तर नको म्हणा, शाई तेलात उतरते. स्वतःचा डबा पुढं करा. मी करतो, गाडेवाले दोन भजी जास्तच टाकतात.

आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी: संभाजीनगरात येऊन नान-खलिया (नान आणि मांसाचा तर्रीदार रस्सा) खाल्ला नाही असं होऊ नये. शहागंज, बुढी लाइनकडं जा. पण तो रोजचा खुराक नव्हे. वर तेलाची तर्री भरपूर असते, दोघांत एक खलिया आणि नान वेगळे घ्या.

परभणी_कृषी

भाकरीवर थोडं. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकतो. आमच्याच विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काम करून 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. जालन्याच्या दगडी ज्वारीला आणि लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या भागात ज्वारी आणि तूर पिकते त्याच भागातली मुलं मैद्याचा पाव खाऊन अभ्यास करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पोळपाट मावशींची अडचण मान्य. त्यावर उपाय: पोळी-भाजी केंद्रात सुटी भाकरी मिळते. मेसच्या अर्ध्या पोळ्या सोडून देता येत नसतील तर निदान रविवारच्या रात्री दोन भाकरी आणा, खोलीतली शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा. हॉटेलच्या पनीरपेक्षा कितीतरी कमी पैशात पूर्ण जेवण.

तांदुळजा

सगळ्यांचे आभार. बालाघाट काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती आजच शेंगा फोडायला बसली.

आहार_अंबाजोगाई ताई, एक विचारायचं होतं. भाऊ अंडी खात नाही आणि दूध पचत नाही. त्याचं काय करावं?

आहार_अंबाजोगाई

दूध पचत नसेल तरी दही-ताक बऱ्याच जणांना चालतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात मोडलेली असते. थोड्यापासून सुरुवात करून बघा. ते नसेलच जमत तर कॅल्शियमसाठी रोज दोन चमचे तिळाची चटणी, आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी किंवा आंबील. प्रथिनांसाठी फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या आणि उसळ. एक गोष्ट लक्षात ठेवा: दूध, अंडी, मांस काहीच नसेल तर ब जीवनसत्त्वातलं बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. पायाला मुंग्या, जिभेला चिरा, सतत थकवा असं झालं तर तपासून घ्या, स्वस्त गोळी असते, पण डॉक्टरांना विचारूनच.

खोली_१२

पोळपाट मावशी, आमच्या मेसच्या काकू तयार झाल्यात उसळीला! पण त्या आमची वीस जणींची एक पंगत आधी करून बघणार आहेत. त्यांना अंदाज हवाय, वीस जणींना मटकी किती भिजवायची?

पोळपाट

एक किलो घ्या ग. मोड येऊन दोन-सव्वादोन किलो होते. सकाळी भिजवा, रात्री उपसून चाळणीत ओल्या फडक्याखाली, दुसऱ्या दिवशी दुपारी फोडणी. मीठ शेवटी घाला. कांदा-लसणाबरोबर येसर (भाजलेल्या धान्य-डाळीचा मसाला) घातला तर चव घरची येते आणि तेल कमी लागतं. रस्सा अंगापुरताच ठेवायला सांगा, फार पाणी नको. आणि जेवण झाल्यावर वीसही ताटं काकूंना दाखवा, किती राहिली ते. रिकामी असली तर त्या पुढच्या आठवड्यात स्वतःहून करतील.